पितळी पाटी खोटी साक्ष देत नाही

मित्रांनो, मी जुनी झाले म्हणून मला कुणी गृहीत धरू नये. मी दारावरची पितळी पाटी आहे. घरात कोण राहते, एवढेच सांगणे माझे काम, आणि त्यात मी कुणाची भीड ठेवलेली नाही.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. गिऱ्हाईक घाई करू लागले, तेव्हा त्याने छिन्नी खाली ठेवली आणि "नाव एकदाच कोरलं जातं, साहेब," असे म्हणून त्यांना बाकावर बसवून ठेवले. माझा ताठा तिथूनच आला असावा. ते गिऱ्हाईक म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ. त्यांनी नुकतेच दोन खोल्यांचे घर बांधले होते. माझ्यावर त्यांनी फक्त आडनाव कोरून घेतले. त्यांची पत्नी मला दर आठवड्याला मऊ फडक्याने पुसत असे. टपालवाला म्हणे, "बाई, तुमच्या पाटीत बघून मी भांग पाडतो." त्या काळी माझा थाट काही और होता.

पुढे त्यांचा एकुलता एक लेक नोकरीसाठी परदेशी गेला आणि तिथेच स्थायिक झाला. आईवडील गेले. दाराला कुलूप लागले ते एकोणीस वर्षे. मी काळी पडले. घंटीच्या बटणावर कोळ्याने जाळे विणले. माझी विचारपूस कुणी केली नाही, आणि मीही कुणापुढे तोंड वेंगाडले नाही.

मग लेक घर विकायला आला. त्याच्या चुलतभावाने पॉलिश आणून मला खसाखसा घासले. मित्रांनो, ते लाड नव्हते, तो मतलब होता. परदेशात राहणाऱ्याने घर विकले, तर घेणाऱ्याने किमतीतला ठरलेला भाग कापून कर म्हणून सरकारात भरायचा आणि उरलेली रक्कम विकणाऱ्याला द्यायची, असा आपल्याकडचा नियम होता. कपात केली नाही, तर सरकार घेणाऱ्याकडूनच तो कर वसूल करी. चुलतभावाला ही कपात टाळायची होती. लेक याच घरात राहतो, असे कागदावर लिहून मला त्याचा पुरावा करायचा, हा त्याचा बेत.

घर घ्यायला आली एक शिंपीण. बावीस वर्षे मशीन चालवून तिने पैसे जमवले होते. सोबत तिची वकील होती. चुलतभावाने उंबऱ्यातच कागद पुढे केला.

"सही करा, ताई. दारावर नाव आहे. अजून काय, कपाळावर लिहून देऊ?"

शिंपिणीने माझ्या अक्षरावरून नख फिरवले. नखाला पांढरे पॉलिश लागले.

"ही कालच घासलीय," ती म्हणाली. "घरात राहणाऱ्याला घंटीवरचं जाळं दिसलं नसतं का, भाऊ?"

"मी परका नाही हो," लेक कळवळून म्हणाला. "याच घरात जन्मलो मी."

"जन्म कुठे झाला ते कायदा विचारत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "राहता कुठे, ते विचारतो. जास्त कापलं गेलं तर विवरणपत्र भरून परत मागा. आधी अर्ज केला असतात तर कपातच कमी करून मिळाली असती. आता हिने सही केली तर तुम्ही विमानात बसाल आणि नोटीस हिच्या दारावर येईल."

"दुसरं गिऱ्हाईक तयार आहे बरं का," चुलतभाऊ गुरकावला.

"मग त्यालाच द्या," शिंपीण म्हणाली. "माझी पुंजी एवढीच आहे. ती मी थापेवर लावणार नाही."

ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. तेव्हा लेकाने माझ्याकडे पाहिले. वडिलांचे आडनाव तेच त्याचे. चुलतभावाच्या हातातून त्याने कागद घेतला; त्यावर खाली तेच होते.

"थांबा, ताई," तो म्हणाला. "खोटं लिहिलं तर ते या नावानेच लिहिलं जाईल." त्याने 'येथील रहिवासी' हे शब्द खोडले आणि परदेशातला पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिला.

"एवढं घासून माझे खांदे भरून आले, त्याचं काय?" चुलतभाऊ पुटपुटला.

"शेकून घे," लेक म्हणाला.

शिंपिणीने कर कापला, सरकारात भरला, पावती घेतली. घर तिचे झाले. किल्ल्या घेताना ती म्हणाली, "पाटी घेऊन जा, दादा. नाव तुमचं आहे."

त्याने मला काढून कपड्यांत गुंडाळले आणि समुद्रापार नेले. आज मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद दारावर आहे. शेजारच्यांना माझी अक्षरे वाचता येत नाहीत. न येवोत. या दारामागे तो खरोखर राहतो, आणि त्याची मुलगी मला पुसते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपायचे असेल तर रोजच्या मायेने जपा. कामापुरते उजळून खोटेपणाला जुंपणार असाल, तर हात लावू नका. आम्ही काळ्या राहू, पण ताठ राहू.