बिनउंबऱ्याची न्हाणी

काशिराम बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हा दमयंतीबाई स्वयंपाकघरात बोंबील निवडत होत्या. आवाज ऐकून त्या तशाच धावल्या, तर दाराला आतून कडी.

"लागलं काय? दार उघडा आधी!"

"कोनी येव नको. मी बरा हाय."

कडी निघायला बराच वेळ लागला. काशिराम आधी टॉवेल गुंडाळत होते. हाड मोडलं नव्हतं, पण आधीच ऑपरेशन झालेला उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये ते बावीस-तेवीस वर्षं राहत होते. बाथरूमला निळ्या गुळगुळीत फरशा होत्या आणि दारात वीतभर उंच उंबरा. पाय धड होते तोवर कोणाच्या लक्षातही न आलेला तो उंबरा आता काशिरामना डोंगरासारखा वाटायचा. पडल्यापासून ते अंघोळीची टाळाटाळ करायला लागले. एकदा दमयंतीबाई म्हणाल्या, "मी घालतंय ना पानी अंगावर," तर ते उखडलेच.

"मी काय तान्हा पोर हाय?"

त्यांचा मुलगा प्रितम कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला होता आणि तिकडेच राहायचा. रविवारी तो टेप घेऊन आला आणि बाथरूम मोजू लागला.

"बाबा, उंबरा काढून टाकू. आतली जमीन आणि हॉलची जमीन एका पातळीत. सगळा ढाळ कोपऱ्यातल्या जाळीकडे. खरखरीत फरशी बसवू, वर शॉवर लावू. तुम्ही खुर्चीवर बसून निवांत अंघोळ करा."

"उंबरा नाय तर पानी हॉलमधी येल."

"ढाळ नीट दिला तर नाही येत."

काशिरामनी टेपचं दुसरं टोक हातात घेतलं. दमयंतीबाईंनी ते होकार म्हणूनच धरलं.

घरात बाथरूम एकच. काम चालू असताना राहायचं कुठं, हा प्रश्न आला. प्रितमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. शेवटी दमयंतीबाईंनी गव्हाणला धाकट्या जावेला, चंद्रावतीला फोन लावला. काशिरामचा धाकटा भाऊ जगन अजून गावच्या घरीच राहत होता.

"आमी थोडे दिवस येव काय तुमच्याकडं?"

"इचारतेस काय, बाय? घर काय आमचं एकट्याचं हाय?"

दोन घरांत भांडण कधीच नव्हतं. दोघे भाऊ राबायचे ती मिठागरं गेली, काशिरामना उरणकडे बंदरात नोकरी लागली, मुलांच्या शाळेसाठी पनवेलला बिऱ्हाड आलं. मग गव्हाणला जाणं गणपतीपुरतं आणि लग्नांपुरतं उरलं. तेही सकाळी जायचं, जेवायचं, उन्हं उतरली की निघायचं. त्या घरात रात्र काढून किती वर्षं झाली, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

गव्हाणला पोचले, तर घर ओळखू येत होतं आणि येतही नव्हतं. पुढच्या ओटीला रंगीत टाइल्स, आत सोफा. जगनने स्वयंपाकघराला लागून नवं बाथरूम बांधलं होतं, गिझरसकट. पण त्याला दोन पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिराम खांद्यावर टॉवेल टाकून त्या पायऱ्यांसमोर उभे राहिले. एक हात भिंतीला. चढेनात आणि कोणाला हाकही मारेनात. चंद्रावती भाकरी थापत होती. तिने ते पाहिलं, पण पाहिलंसं दाखवलं नाही.

"भावजी, गिझरचं पानी आज कोमटच येतंय. मी मागं चुलीवर हंडा ठेवतंय. मागंच अंघोळ करा."

मागच्या अंगणात जुनी न्हाणी अजून तशीच होती. तीन बाजूंनी कमरेपेक्षा थोड्या उंच भिंती, चौथी बाजू उघडी, तिथे साडी किंवा गोणपाट टांगायचं. खाली काळ्या दगडाच्या लाद्या, छिन्नीने टोचून खरखरीत केलेल्या. उंबरा नव्हताच. अंगणातून सरळ आत चालत जायचं आणि पाणी उतारावरून अळवाच्या वाफ्यात. आता चंद्रावती तिथे मासे धुवायची. तिने राख आणि काथ्या घेऊन लाद्या घासायला सुरुवात केली, तशी दमयंतीबाईंनी पदर खोचला आणि त्याही बसल्या.

"बाय, तू ठेव. पाव्हनी हायस तू."

"ह्या लाद्या मी तुज्याआधी घासल्या हायत."

दोघी हसल्या. दमयंतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात बारा-तेरा माणसं होती आणि न्हाणी ही एकच. बायका उजाडायच्या आत उरकून घ्यायच्या. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर साडी धरून उभं राहायचं. सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, "आता न्हाता काय पवता गो?" चंद्रावती नवी आली तेव्हा तिला परक्या घरी अंघोळीची फार लाज वाटायची. ती आतून सारखी विचारत राहायची, "बाय, हायस ना?" आणि दमयंतीबाई बाहेरून म्हणायच्या, "हाय, हाय." पुढे दोघींची पोरं याच लाद्यांवर, लांब केलेल्या पायांवर पालथी पडून न्हाली. तेल चोळताना रडायची आणि ऊन पाणी पडलं की गप्प व्हायची.

"आपला प्रितम किती रडायचा!" चंद्रावती म्हणाली. "आनि आज तो तुमची न्हानी बांधतंय."

हंड्याचं पाणी तापलं. काशिराम काठी टेकत आले, आत गेले, स्टुलावर बसले. कोणाची मदत लागली नाही. दमयंतीबाई गोणपाट सारून बाजूला झाल्या. तेवढ्यात जगन गोठ्याकडून आला. त्याने चपला काढल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि सरळ आत शिरला.

"कोन हाय?" काशिराम दचकले.

"मीच. वाक जरा, दादूस."

"जगन, तू जा. मी करतंय माजं."

"पाठीला हात पुरतंय तुजा? वाक बोललो ना!"

आता हे उखडणार, असं बाहेर उभ्या दमयंतीबाईंना वाटलं. पण आतून काथ्याचा खसाखसा आवाज यायला लागला आणि थोड्या वेळाने काशिरामचा आवाज आला.

"हलू रे. कातडं सोलतंस काय?"

"मिठागरावरून आल्यावर तू माजी अशीच सोलायचास. मी बोंबलायचो, आन् तू म्हनायचास, मीठ राहिलं तर रात्री खाजवशील."

"राहायचंच की. पायाच्या भेगांत राहायचं. पानी पडलं का झोंबायचं नुसतं."

"आन् बा एकच तांब्या द्यायचा दोघांत."

"तू माज्या वाट्याचा पन घ्यायचास, चोरा."

मग दोघं हसायला लागले. साठी उलटलेली दोन माणसं, पाण्याचा आवाज आणि ते हसू. दमयंतीबाईंनी नवऱ्याला असं हसताना फार वर्षांत ऐकलं नव्हतं. चंद्रावती चुलीत लाकूड सारता सारता थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. जगन रोज यायचा, पाठ चोळायचा आणि दोघांच्या गप्पा पाणी गार होईपर्यंत चालायच्या. बंदरातल्या नोकरीत काशिरामना पहिले महिने किती एकटं वाटायचं, घर सोडताना त्यांनी मागे वळून का पाहिलं नाही, हे दमयंतीबाईंना त्या गोणपाटाबाहेर उभं राहून पहिल्यांदा कळलं.

इकडे पनवेलला काम चालू होतं. सादिक मिस्त्रीने निळ्या फरशा फोडल्या, उंबरा काढला, खाली वॉटरप्रूफिंग करून ढाळाचा कोबा घातला. मग जाळीचं तोंड बंद करून, दारात सिमेंटचा तात्पुरता बांध घालून, गळती तपासायला आत पाणी भरून ठेवलं. सकाळी प्रितमचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता.

"आई, गळती नाही, पण बांध काढून पाणी ओतलं तर ते हॉलमध्ये आलं. दाराजवळ ढाळच कमी पडलाय. सादिकभाई म्हणतात तेवढा भाग परत फोडावा लागेल. अजून काही दिवस जातील. बाबा चिडतील का?"

काशिराम ओटीवर जगनबरोबर चहा पीत होते. दमयंतीबाईंनी भीतभीतच सांगितलं.

"सावकाश कर म्हनाव," ते म्हणाले. "घाई केली का परत फोडावा लागंल." आणि जगनने पुढे केलेल्या बशीतली खारी उचलली.

काम संपल्यावर दोघं पनवेलला परतले. निघताना चंद्रावतीने सुका जवळा बांधून दिला आणि रिक्षा सुरू होईपर्यंत दमयंतीबाईंचा हात धरून ठेवला.

नवं बाथरूम प्रितमने कौतुकाने दाखवलं. करड्या खरखरीत फरशा, भिंतीला धरायला स्टीलची दांडी, कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची. काशिराम दारात थांबले, मग पाय न उचलता, नुसता पुढे सरकवत आत गेले. त्यांनी तळव्याने जमीन चाचपली.

"बरी झाली," ते म्हणाले. प्रितमला तेवढं पुष्कळ झालं.

दुसऱ्या सकाळी शॉवरचा आवाज सुरू झाला. दमयंतीबाई सवयीने दाराजवळ येऊन उभ्या राहिल्या. हॉलमध्ये थेंबही येत नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं.

"दमयंती," आतून हाक आली, "पाठीला जरा साबन लाव गो."

त्या आत गेल्या. त्यांचे पाय भिजले, साडीचा काठ भिजला. अंघोळ झाल्यावर काशिरामनी त्यांच्याच खांद्यावर हात ठेवला आणि ते बाहेर आले.

दोन वर्षांनी जगनने काशिरामना विचारून गव्हाणचं घर पाडून तिथे इमारत बांधायला दिली. काळ्या लाद्या कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नाही. ती इमारत उभी राहीपर्यंत जगन आणि चंद्रावती पनवेलला येऊन राहिले. चार माणसं, एक बाथरूम. सकाळी जगन आत गेला की बाहेर यायचं नावच नाही. शॉवरखाली बसून तो जुनी गाणी म्हणायचा, आणि बाहेर हातात टॉवेल घेऊन ताटकळलेले काशिराम दारावर काठी आपटत ओरडायचे, "जगन, पानी संपवशील! बाहेर ये आता!"

"येतंय, दादूस, येतंय!" आतून उत्तर यायचं आणि गाणं पुढे चालू व्हायचं.