यकृताचं कौतुक

बाल्कनीच्या चौकटीवर निकोटिनची पट्टी चिकटवलेली होती, चारही कोपरे नीट दाबून. सिगारेट ओढण्यापुरती ती दंडावरून काढून तिथे लावायची, हा नवऱ्याचा प्रामाणिकपणा.

"भावोजींनी याच पट्टीवर सिगारेट सोडली," बायको वैतागून म्हणाली.

"त्याचं यकृत निकोटिन रेंगाळत पचवतं, माझं झटपट फडशा पाडतं. जन्मजात आहे. तुझ्याच लॅबचा रिपोर्ट, बाईसाहेब."

"म्हणूनच पट्टी तुम्हाला पुरत नाही, सिगारेट सोडवणाऱ्या बिननिकोटिनच्या गोळ्या घ्या, हे सांगून डॉक्टरही थकले. या धुरापायी बायपास दोनदा पुढे ढकलली. यकृताचं कौतुक संपेपर्यंत हृदय वाट बघत बसणार आहे का?"

त्याचा हात नकळत छातीवर गेला. सिगारेट अर्धीच विझवून तो म्हणाला, "डॉक्टरांना फोन लाव. गोळ्या आजपासून घेतो."