फ्लेक्सवरची कर्तबगार कन्या

धसईच्या बाजारात, एसटीच्या थांब्यासमोर कुणालीचा हसरा फोटो लागला आणि त्या सकाळपासून खऱ्या कुणालीचं हसू पळालं. पंकजशेठच्या कापडदुकानात ती रोज अर्धा दिवस साड्यांना फॉल-पिको करायची. महिला दिनाचं निमित्त साधून शेठने हौसेने भला मोठा फ्लेक्स लावला होता: ‘पाय अधू, पण जिद्द मोठी! आमची कर्तबगार कन्या.’ नाव तेवढं घातलं नव्हतं, हीच देवाची कृपा.

डावा पाय जन्मापासून अधू, म्हणून तिला निराधारची पेन्शन मिळे. घरातला किराणा त्यातूनच येई. शेठच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीत भागत नव्हतं आणि पूर्ण दिवस मशीनवर बसवत नव्हतं. काम केलं तर पेन्शन बंद होते का, किती केलं तर होते, हे धड कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो छातीठोकपणे सांगे आणि प्रत्येकाचं सांगणं निराळं. त्यात यंदा तलाठी घरोघर पडताळणी करणार, अशी आवई उठलेली.

“शेठ, काढा ना तो फ्लेक्स.”

“अगं, मुरबाडहून छापून आणलाय! आज बाजार हाय, बघू दे की लोकांना.”

तिचं कामात चित्त लागेना. फॉल उलटा लागला, उसवला, पुन्हा उलटाच लागला. बाहेर फ्लेक्ससमोर कुणी थांबलं की ती मशीन सोडून दारात यायची. चेहरा झाकेल असं मेल्या फ्लेक्सवर पाखरूसुद्धा शिटत नव्हतं.

दुपारी तिची आई कमळाबाई शेजारच्या भिमीला घेऊन आली आणि भर रस्त्यात बोट दाखवून ओरडली, “बघ गो भिमे, माझी पोर! अख्ख्या बाजारात हाय का अशी कुनाची?”

कुणाली लंगडत धावली. “आये, हळू बोल.”

“का हळू? आता नाय बोलाचं तं कवा?”

आई तिच्याबद्दल चारचौघांत अशी कधीच बोलली नव्हती. क्षणभर ती पेन्शन विसरली.

तेवढ्यात तलाठ्याच्या हाताखालचा कोतवाल महादू समोर उभा. त्याने फ्लेक्सकडे पाहिलं, मग कुणालीकडे. “काय कमळाबाय, ही फ्लेक्सवरची तुमची कुणाली ना? कामाला जाते वाटतं?”

“कुणाली?” आई फिसकन हसली. “तिला काय येतंय! ही कुठची शहरातली बाय आसंल. आमची घरात पडून आसते. सुई ओवता येत नाय तिला. माझ्या जिवाला नुसता घोर.”

फोटोवाल्याने कुणालीला इतकी गोरी करून टाकली होती की महादू घोटाळ्यात पडला. “खरं का गो?”

“खरं,” कुणाली म्हणाली.

भिमी जमिनीकडे बघत राहिली. महादू गेला.

“वाचलो गो बाय!” आईने तिचा हात घट्ट धरला.

कुणालीला मात्र सुटल्यासारखं वाटेना. खोटं बोलल्याचं तिला काही वाटत नव्हतं. पोटासाठी माणूस बोलतो. पण आई अडखळली नव्हती. तिला शब्द शोधावे लागले नव्हते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वर्षानुवर्षं हेच सांगत आली होती, अगदी याच शब्दांत, आणि तेव्हा समोर कुठलाच कोतवाल उभा नसायचा.