थुंकदाणीची बढती

मी एक जुनी थुंकदाणी आहे, मित्रांनो. नाके मुरडून झाली असतील, तर पुढे सांगते.

एका तांबटाने ठोकून ठोकून मला घडवले: पोट मोठे, गळा अरुंद, आतून कल्हई. वाईनच्या कारखान्यात, चव घेण्याच्या खोलीत माझी नेमणूक झाली. पारखणारा माणूस घोट तोंडात घोळवतो आणि थुंकतो. गिळत गेला, तर दुपारपर्यंत त्याला सगळ्याच वाईन उत्तम लागतील. म्हणजे माझ्यात पडत असे ती घाण नव्हे, तो निवाडा होता.

मग ती आली. वाईनशास्त्र शिकलेली, हुंगल्याशिवाय पाण्याचा पेलाही न उचलणारी. टाक्या धुणाऱ्यांनी आठवड्याभरात तिचे नाव ठेवले, नाकाबाई. तिची आई एकदा कारखाना पाहायला आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढी शिकलीस ती थुंकायला?"

"नीट थुंकायला, आई."

हसू नका, तिचा नेम खरोखर अचूक होता.

कोपऱ्यातल्या टाकीत तिने स्वतःची एक वाईन घडवली. साखर नाही, अर्क नाही. उतारावरची द्राक्षे आणि धीर. ही वाईन वेगळ्या नावाने बाटलीत भरू, असा शब्द मालकांनी दिला होता. "लोकांना एकदा खरी चव कळू दे, हा धंदाच बदलेल," असे ती टाकीच्या पत्र्याला सांगत असे. मला चव कळत नाही, पण थुंकण्यापूर्वी ती किती वेळ थांबते, हे कळते. दर आठवड्याला ती अधिकाधिक थांबू लागली.

एके सकाळी मालक आले. उभ्याउभ्याच त्यांनी एक घोट गिळला.

"छान आहे गं बेटा, पण तोंड वाकडं होतं. लोकांना सरबत हवंय. त्या गोडवाल्या टाकीत ढकलून दे."

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना! आता परत घेतोय. आणि हे थुंकणं बंद. पाहुण्यांना किळस येते."

गोड टाकीकडे जाणारी नळी जोडण्याआधी तिने आपल्या वाईनचा एक पेला भरला, घोट तोंडात घोळवला आणि गिळला. त्या दिवशी मी कोरडी राहिले.

पुढे आम्हा दोघींना एकदमच बढती मिळाली. तिला दर्शनी दालनात पाहुण्यांच्या स्वागताला नेमले. मला घासून, प्लास्टिकची फुले खोचून, तिच्याच शेजारी ठेवले. थुंकदाणीची मी फुलदाणी झाले. आडनाव राहिले, काम गेले. आता लोक माझ्यासोबत फोटो काढतात. कामाच्या वर्षांत असा गौरव मला कधी लाभला नव्हता.

परवा एका वयस्कर पाहुण्यांनी तो गोड घोट तोंडात घेतला आणि त्यांचा चेहरा पालटला. गाल फुगवून ते इकडेतिकडे पाहू लागले. नजर माझ्यावर थांबली. त्यांनी मला ओळखले, मित्रांनो! तिचा हात फुले उपसायला पुढेही झाला. पण दारात मालक उभे होते. तिने फुले नुसती सारखी केली.

"गिळा, काका," ती हसून म्हणाली. "सवय होते."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. मला फार छान जपले आहे. विनंती एवढीच: माझ्या तळाशी एक जांभळा डाग उरला आहे, अरुंद गळ्यातून कोणाचा हात तिथवर पोचला नाही. तो घासू नका.