कोंडाच्या तळाशी

मित्रांनो, मी एक म्हातारी लालसरी आहे, बुडी मारून पोट भरणारे बदक. आमच्या नरांचे डोके तांबूस असते, म्हणून हे नाव. आमचे पाय शरीराच्या पार मागे असतात. त्यामुळे जमिनीवर आम्ही फेंगडत चालतो, पण पाण्याखाली सरळ तळ गाठतो. पाणवनस्पतींची मुळे आणि बारीक गोगलगायी हे आमचे जेवण.

दर हिवाळ्यात आमचा थवा उत्तरेकडून रत्नागिरीला काजळी नदीवर येई. शहराच्या वरच्या अंगाला, भरतीचे खारे पाणी पोचत नाही तिथे, एक खोल कोंड, म्हणजे डोह, होता. काठावर येसूबाई कपडे धुवी आणि आम्हांला कणी टाकी. "या गो बायांनो, लांबून आलात," असे म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "ह्या माझ्या माहेरवाशिणी."

माघात पाणी उतरले की तिचा मुलगा महिपत गेळाची फळे ठेचून कोंडात टाकी. मासे गुंगत आणि अलगद हाती येत. त्या दिवशी येसूबाई धोपटणे आपटून आम्हांला आधी हुसकावून लावी.

१९८६ साली महिपतने फळांऐवजी बाटली आणली. आंब्याच्या मोहोरावर फवारायचे औषध होते ते. येसूबाईने धोपटणे उचलले.

"आई, राहू दे," तो म्हणाला. "ही उडाली की पुलावरची माणसं इकडे बघतील. मागे मासे गुंगवले म्हणून वाडीवाल्यांनी केवढा तमाशा केलानी."

"अरे, पण ही बुडी मारतात."

"गेळाने एक तरी मेली काय? उगाच तुझा जीव खालीवर."

त्याने बाटली पाण्यात ओतली. येसूबाईने धोपटणे खाली ठेवले. आम्ही बिचकू नये म्हणून ओच्यातली कणी काढली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली.

मी कणीची हावरी, काठाशीच राहिले. माझ्या बहिणीला तळातली मुळेच आवडत. ती बुडाली, तिच्यामागून थवा बुडाला. सगळी वर आली तेव्हा कुणाचीच मान ठरेना. आम्हांला उडण्याआधी पाण्यावरून धावावे लागते. त्यांना ते जमले नाही. मी एकटी उडाले. येसूबाई खाली मान घालून कपडे पिळत होती.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या थव्याबरोबर मी त्या कोंडावरून गेले. काठावर येसूबाई हाका मारत होती. आवाज तोच होता, मायेचाच. थव्यातली तरणी पाखरे खाली वळू लागली. मी त्यांना आडवी गेले आणि सगळ्यांना पुढे नेले.

मित्रांनो, पाखरावर माया असेल तर आधी त्याचे पाणी राखा. मूठभर कणी कुणीही टाकतो.