ऐकू न येणाऱ्यांनीही वाचावं असं प्रकरण

स्टुडिओत नवा संगणक आला आणि ताईंचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. मालकांनी चार बटणं दाबून पाहिली, मान हलवली आणि सरळ नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं. शिकायची काय चिंता, इंटरनेटवर शिकवणाऱ्या व्हिडिओंचा नुसता पूर आलाय, असं ते बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. ताईंना ऐकू येत नव्हतं.

लहानपणी तापात त्यांचे कान गेले ते गेलेच. बोलणं तेवढं राहिलं, थोडं जड, थोडं सपाट, पण समजेल असं. समोरच्याचे ओठ वाचून त्या सगळा व्यवहार करत. शाळांची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं, निवृत्तीचे समारंभ अशी चित्रफितींची कापाकापी त्या स्टुडिओत बसून करत, आणि कुठे कापायचं ते त्यांच्या डोळ्याला बरोबर समजे. आवाजाचं काम मात्र पलीकडच्या गल्लीतल्या साउंडवाल्याकडे जाई. तो प्रांत आपला नाही, हे ताईंनी कधीच मान्य करून टाकलं होतं.

व्हिडिओ त्यांनी लावून बघितले. शिकवणाऱ्याचं तोंडच दिसत नसे. पडद्यावर नुसता बाण इकडून तिकडे पळे. खाली आपोआप उमटणारी अक्षरं वाचावीत तर 'क्लिप कापा' च्या जागी 'कृपा काका' असं यायचं. ताई हसून हसून बेजार झाल्या, पण हसून सॉफ्टवेअर येत नाही.

मग नणंद मदतीला धावली. तिला घरात सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण ती एकदा लागली की बंद होत नसे. ती कानाला हेडफोन लावून, मांडी ठोकून बसली आणि ऐकेल ते कागदावर उतरवू लागली. बऱ्याच वेळानं कागद ताईंच्या हातात आला. त्यावर लिहिलं होतं: 'नमस्कार करतो. स्वतःचं कौतुक करतो. चॅनेलला जोडून घ्या म्हणतो. मग भराभर काहीतरी करतो आणि झालं म्हणतो.'

"वहिनी, तू काही गमावत नाहीयेस," रेडिओ म्हणाली.

कंपनीची मदतीची पानं होती, ती तर आणखी वरताण. 'सरकवून पुसा: या आज्ञेनं क्लिप सरकवून पुसली जाते.' पाणी म्हणजे काय, तर पाणी. ताई आठवडाभर चाचपडत राहिल्या. जे काम त्यांना झोपेतही जमलं असतं, ते आता शेंबड्या पोरासारखं अडखळत करावं लागत होतं, आणि मालक काही बोलत नव्हते, हेच जास्त लागत होतं.

शेवटी त्यांनी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या एका चर्चागटावर आपली अडचण मांडली: मला ऐकू येत नाही, वाचून शिकता येईल असं काही आहे का? उत्तरादाखल कुणीतरी नुसती एक लिंक दिली.

ती एक लांबलचक मार्गदर्शिका होती, वापरणाऱ्यांनीच मिळून लिहिलेली. ताईंनी पहिलं प्रकरण उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली. प्रत्येक पायरी सांगितल्यावर लिहिणाऱ्यानं तिथे पडदा कसा दिसेल ते सांगितलं होतं. त्यापुढे लिहिलं होतं, 'इथे बहुतेकांची क्लिप गायब होते. घाबरू नका. ती वरच्या पट्टीमागे लपली आहे.' ताईंची क्लिप नेमकी त्याच क्षणी गायब झाली होती. त्यांनी वरची पट्टी सरकवली. क्लिप मागे होती.

कुठला कोण माणूस, कधीचं लिहिलेलं, आणि खांद्याशी उभा राहून बघत असल्यासारखं सांगतोय. आपण जिथे चुकणार तिथे तो आधीच जाऊन थांबला होता. मग त्यांचा हात असा चालू लागला की चहा ठेवून गेलेल्या मालकांनाही त्यांनी पाहिलं नाही.

आवाजाचं प्रकरण आलं, तेव्हा ताई सवयीनं ते ओलांडून पुढे निघाल्या होत्या. पण पहिल्या ओळीनं त्यांना थांबवलं. 'हे प्रकरण ऐकू न येणाऱ्यांनीही वाचावं. आवाज दिसतो.'

ती ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली.

पुढे समजावलं होतं, की चित्राच्या पट्टीखाली जी दातेरी रेघ धावते, तो आवाज. 'प' किंवा 'ब' म्हटलं की ती एकदम उसळते, कुणी दार ढकलल्यासारखी. 'स' दाट आणि बारीक असतो, कोवळ्या गवतासारखा. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो तो पुसट धुरकट डाग. पंख्याची घरघर रेघेला सगळीकडे सारखीच जाड करते. ती कमी करा, पण रेघ साफ सपाट करू नका. तसं केलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

त्याच वेळी हातात एका नर्सबाईंच्या निवृत्तीचं काम होतं. बाईंचं भाषण पंख्याच्या घरघरीत बुडालेलं, आणि साउंडवाला गावाला गेलेला. ताईंनी मालकांना न विचारताच भाषण उघडलं. बाई बोलत नव्हत्या अशी जागा शोधली, तिथली घरघर सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दाखवली आणि मार्गदर्शिकेतल्या मापानं ती हळूहळू उतरवली. जाड रेघेतून एकेक शब्द वर आला. बाईंचे ओठ आणि खालची उसळी त्या जोडून बघत होत्या. ओठ मिटले की रेघ निजे, उघडले की उठे. आयुष्यभर ओठ वाचले होते. त्या ओठांतून बाहेर पडून पुढे काय जातं, ते त्या पहिल्यांदा बघत होत्या.

मालकांनी हेडफोन लावून सगळं भाषण ऐकलं. ऐकून झाल्यावरही हेडफोन काढले नाहीत, मागे नेऊन पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मग ताईंकडे तोंड करून ते सावकाश म्हणाले, "याला साउंडवाल्याकडे कशाला पाठवायचं?"

प्रकरणाच्या शेवटी एक सराव दिला होता. घरातल्या खोलीत कॅमेरा चालू ठेवा आणि मग रेघेतला एकेक आवाज ओळखा. सुट्टीच्या दिवशी ताईंनी कॅमेरा कपाटावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. दुपारी स्टुडिओतून आणलेल्या लॅपटॉपवर ते चित्रण उघडलं आणि पारख करायला रेडिओला शेजारी घेतलं. ताई बोट ठेवून सांगत, रेडिओ मान डोलवे. ही कपबशी. ही ओढलेली खुर्ची. हे रेडिओचं हसणं, एकामागोमाग दाटलेल्या फण्या. हसण्याआधी ती केवढा मोठा श्वास घेते, ते ताईंना तेव्हा कळलं.

मग एक आकार आला तो ओळखता येईना. आधी छोटा उंचवटा, थोडी जागा, आणि मग लांबट लाट, शेवटाला वर चढलेली. चित्रात तर कुणाचेच ओठ हलत नव्हते. ताई पाठमोऱ्या, घड्या घालताना, बस्स. थोड्या अंतरावर तोच आकार पुन्हा. आणखी पुढे पुन्हा.

रेडिओनं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. मग उठून भावाला बोलावून आणलं. तो गॅरेजमधला माणूस, सुट्टीतही अंगणात गाडी खोलून बसलेला, हाताचं ग्रीस पुसत आला.

"हे काय आहे?" ताईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

त्यानं हेडफोन लावले. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो ताईंच्या समोर येऊन बसला, ओठ नीट दिसतील असा.

"मीच आहे. आतल्या खोलीतून. 'अगं, ऐकलंस का?' म्हणालो."

ताई म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही."

"ते मला माहीत नाही होय?" तो म्हणाला. "पण काही सांगायचं झालं की आधी ते तोंडातून निघतंच. मग उठून तुझ्यासमोर येतो."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून."

रेडिओनं केव्हाच मान दुसरीकडे फिरवली होती. ताईंनी तो भाग पडद्यावर ताणून मोठा केला. छोटा उंचवटा: 'अगं'. मधली जागा. मग ती लांब लाट, उत्तराची वाट बघत वर चढलेली. त्यांनी तिच्यावरून सावकाश बोट फिरवलं, आधी एकदा, मग पुन्हा. नवऱ्यानं ग्रीसचे हात मांडीवर तसेच ठेवले होते.

"आता म्हण," ताई म्हणाल्या, आणि लॅपटॉपला जोडलेला माइक त्याच्या तोंडाजवळ धरून पडद्याकडे वळल्या.