डबा उघडण्याआधी

रिग्मोर बटाट्याच्या उपड्या क्रेटवर चढली आणि पान्याने टपरीवरचा कॅमेरा उचकटायला लागली.

"आई, उतर खाली. पडशील," तिचा मुलगा ट्रोल्स म्हणाला.

"पडेन तर पडेन. पण आधी हा तुझा डोळा उपटते."

रस्त्याकडेची ती टपरी तिच्या सासऱ्याने उभारलेली. बटाट्याच्या पिशव्या, शेजारी पत्र्याचा डबा, आणि राखायला कुणी नाही. भाव कधी लिहिलाच नाही. ज्याला जे रास्त वाटेल ते त्याने टाकावं. या उन्हाळ्यात पिशव्या भराभर संपत होत्या आणि डबा काही तेवढा भरत नव्हता, म्हणून ट्रोल्सने महिन्यापूर्वी कॅमेरा बसवला. तिथवर रिग्मोर गप्प राहिली. पण आज सकाळी त्याने बेटाच्या फेसबुक ग्रुपवर एक फोटो टाकला. गुरुवारी दुपारी पिशवी उचलून, पैसे न टाकता निघालेला एक म्हातारा. खाली ओळ: 'यांना कुणी ओळखतं का?'

न ओळखायला काय झालं! तो आक्सेल होता, पलीकडच्या वळणावरचा. रिग्मोरच्या नवऱ्याच्या शवपेटीला ज्यांनी हात दिला, त्यांतला एक. आठवडाभर लागतील तसे बटाटे न्यायचे आणि शनिवारी सगळ्याचे पैसे वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात टाकायचे, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता.

"तुला माहीत होतं ना तो आक्सेल आहे?"

"होतं. म्हणून तर नाव टाकलं नाही."

"वा! मोठे उपकार केलेस."

"आई, शनिवारी पैसे टाकतो म्हणतेस. या शनिवारी टाकले? त्या दिवशी गर्दी होती, कॅमेऱ्यात काही कळत नाही. आज सोमवार आहे, तू डबा अजून उघडलेला नाहीस."

रिग्मोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा उपटून ती खाली उतरली. याचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून तिने किल्ली आणली आणि डबा फळीवर पालथा केला. नाणी घरंगळली. ती बोटांनी चाळत राहिली, एकदा, पुन्हा एकदा. मग नोटांखाली शब्दकोड्याच्या कागदाची पुडी दिसली तेव्हा तिने श्वास सोडला.

"घे. बघ डोळे फाडून. आणि तो फोटो काढून टाक, आत्ताच्या आत्ता."

त्याने फोटो ग्रुपवरून काढून टाकला. रिग्मोर सायकलवर बसली ती थेट आक्सेलच्या अंगणात उतरली.

तो खिडकीची चौकट रंगवत होता. त्याने बाकाकडे मान हलवली, पण कॉफीचं विचारलं नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"पोराच्या वतीने माफी मागायला आलेय."

"सकाळपासून तीन फोन आले," आक्सेल म्हणाला. "सगळे कसे गोड बोलतात. पैशांची अडचण आहे का, काही मदत हवी का. चोर म्हटलं असतं तर निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या."

"लाज आणली मेल्याने! पण मी काही गप्प बसले नाही. कॅमेरा उपटला. फोटो काढून टाकायला लावला. तुझी पुडी त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, बघ, होती की नाही डब्यात?"

आक्सेलचा ब्रश थांबला.

"असणारच. मी टाकली होती."

"तेच तर!"

"पुडी सापडली आणि तू इकडे निघालीस."

"लगेच. पाणीसुद्धा प्यायले नाही."

"आणि नसती सापडली तर?"

"अरे, पण होती ना!"

"माझं मला माहीत आहे, रिग्मोर. मी तुझं विचारतोय."

सकाळपासून तिच्या तोंडाला खळ नव्हता. तरीही आलेच असते, एवढंच तर म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.  आक्सेलने ब्रश रंगाच्या डब्यात बुडवला आणि चौकटीची खालची बाजू रंगवायला घेतली.